ओठांआधीची ओळ

दाढ भरून घ्यायची म्हणून त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, आणि दाताच्या डॉक्टरीणबाईंनी "आज बोलायचं नाही, चावायचं नाही, घरी जाऊन गप पडायचं" असं बजावून त्याला वाटेला लावलं होतं. डावा गाल पार बधिर झालेला. ओठाची एक बाजू आपली नाहीच, कुणाची तरी उसनी आणून लावलीय, असं त्याला वाटत होतं. भर दुपारी घरी यायची वेळ त्याच्यावर सहसा यायची नाही, त्यामुळे रोजचा जिनासुद्धा त्याला परका वाटला. कठड्यावर ऊन पडलं होतं, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. दुसरा मजला ओलांडून तो वळला आणि वरून हसणं ऐकू आलं. हसणं म्हणजे साधंसुधं नाही. आधी दाबून धरलेलं, मग न राहवून फुटलेलं, मग वर वर चढत गेलेलं, आणि मध्येच श्वास आत ओढताना नाकातून चक्क घोरल्यासारखा आवाज. की त्या आवाजाचंच हसू येऊन बाई पुन्हा नव्यानं सुरू. काय ही बाई, त्याच्या मनात आलं. दार तरी लावून घ्यावं माणसानं! कपाळाला आठी घालायची त्याला सवयच होती, ती त्यानं घातली. पण खोटं कशाला बोला, पुढच्या पायऱ्या तो जरा हळूच चढला, कारण ते हसणं ऐकत राहावंसं वाटत होतं. कुणाची का बायको असेना, नवरा नशीबवान दिसतोय, असाही एक चावट विचार येऊन गेला. मग तो आपल्या मजल्यावर आला, खिशातून किल्ली काढली, आणि हसणं आपल्याच दाराआडून येतंय हे कळल्यावर किल्ली हातात तशीच राहिली.

दार उघडलं तसं हसणं कापल्यासारखं बंद झालं. बायको कोचावर पाय वर घेऊन बसली होती, ती झटकन पाय खाली सोडून उठली. शेजारी तळमजल्यावरची शिवणकाम करणारी ताई, मांडीवर कुणाचा तरी अर्धवट उसवलेला पडदा. टीव्हीवर तो जाडा घरमालक होता, जो गेली काही वर्षं रोज दुपारी कुठून तरी पडतो, कशात तरी अडकतो आणि ज्याच्या विजारीचं बटण दर भागात एकदा तुटतंच. त्याचं तोंड दिसलं न दिसलं तोच बायकोनं रिमोट दाबला आणि त्याच्या जागी एक गंभीर गृहस्थ उद्याच्या हवामानाबद्दल सांगू लागला. तिचे डोळे ओले होते, नाक लाल झालं होतं.

"काय झालं? रडत होतीस का?" त्यानं बधिर तोंडानं कसंबसं विचारलं.

"रडतंय कोण, भावजी!" ताई म्हणाली. "अहो, तो मेला घरमालक बायकोला घाबरून कपाटात लपलाय, आणि आत डांबराच्या गोळ्या. शिंका काही थांबेनात! आणि ती बया बाहेर उभी राहून कपाटाला विचारतेय, 'औषध देऊ का?'"

"ताई, राहू दे ना," बायको म्हणाली. अगदी हळू, पण ताईला ते बरोबर कळलं. तिनं पडदा गोळा केला, सुई पदराला टोचली आणि "येते गं" म्हणत ती उठली. दारापाशी तिनं त्याच्याकडे जे पाहिलं, त्यात राग नव्हता. शाळेत तपासनीस आला की शिपाई जसा बाजूला होतो तशी ती बाजूला झाली.

"दाढ भरली का? दुखतंय?" बायकोनं विचारलं. त्यानं मान हलवली. "मी काही लावत नाही हो एरवी. ताई आल्या होत्या ना, त्यांना बघायचं होतं." असं म्हणत तिनं कोचावरची चादर सारखी केली, जिथे पाय वर घेतले होते तिथली सुरकुती तळव्यानं घासून घासून काढली, आणि ती आत पाणी आणायला गेली. तो तिथेच उभा. बायको हसली याचं त्याला काही नव्हतं. पण तिनं खुलासा केला! स्वतःच्या घरात, स्वतःच्या कोचावर बसून हसली म्हणून खुलासा केला, आणि वर त्या बिचाऱ्या ताईचं नाव पुढे केलं. चोरी पकडल्यावर माणूस जसं जोडीदाराचं नाव घेतो तसं. एखाद्याला आपली एवढी भीती वाटते आणि आपल्याला त्याचा पत्ताच नसतो, असं कसं?

आत जाऊन तो पडला. गाल उशीवर टेकला होता, पण उशी कळत नव्हती. त्याला वाटलं होतं, आपल्या बायकोचं हसणं आपल्याला ठाऊक आहे. ते हसणं वेगळं होतं: तोंड मिटलेलं, गालातल्या गालात, नाकातून हवेची एक लहानशी फुंकर, संपलं. कितीतरी संध्याकाळी त्या कोचावर बसून दोघांनी परदेशी विनोदी मालिका पाहिल्या, ज्यात कुणी पडत नाही, कुणी ओरडत नाही, भिंतीसारख्या चेहऱ्याची माणसं चहाचा कप खाली ठेवता ठेवता एक वाक्य बोलतात आणि समोरचा माणूस "हं" म्हणतो. त्या "हं"वर तो गालात हसायचा. आणि त्याच्यामागोमाग, अगदी क्षणभरानं, ती. त्याला ते फार आवडायचं. जोडप्यानं असं एका ठिकाणी, एवढ्याशा गोष्टीवर हसणं म्हणजे केवढं मोठं जमणं, असं तो मित्रांना सांगायचा. "आता तिला त्याची गोडी लागलीय," असं तो म्हणायचा. सांगताना मान जरा ताठ व्हायची. आता उशीत तोंड खुपसून त्याला त्या ताठ मानेची लाज वाटायला लागली, आणि एकदा लाज वाटायला लागली की ती काही एका जागी थांबत नाही. घरभर हिंडून सगळी कपाटं उघडत सुटते.

कारण सुरुवातीला ती अशी हसत नव्हती. सुरुवातीला ती आधी हसायची.

हे कळायला त्याचं काम काय होतं ते सांगितलं पाहिजे. परदेशी मालिका, सिनेमे यायचे, त्यांच्याखाली आपल्या भाषेतल्या ओळी घालायच्या, सबटायटल्स, हे त्याचं पोटापाण्याचं काम. ऑफिसात चौथ्या मजल्यावर काचेच्या छोट्या खोल्या, प्रत्येकात एक माणूस, कानाला हेडफोन, समोर दोन पडदे. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं बघायची. ओठ कधी उघडले, कधी मिटले, किती अक्षरं मावतील, ओळ कधी आणायची आणि कधी न्यायची. त्याच्या खात्याच्या प्रमुखाला सगळे 'कात्री' म्हणायचे, कारण माणूस लांब वाक्य खपवून घ्यायचाच नाही. या कात्रीचा एक नियम सगळ्यात कडक होता: विनोद ओठांआधी फुटता कामा नये. पडद्यावरचा माणूस सावकाश बोलतोय, गंमत त्याच्या शेवटच्या शब्दात आहे, आणि तुम्ही अख्खं वाक्य आधीच खाली टाकून मोकळे, तर बघणारा वाचूनच हसतो. त्या नटाचं तोंड मग फुकट हलत राहतं. "अख्ख्या वाड्याला जेवायला बोलवायचं आणि ताट मात्र आधीच चाटून ठेवायचं," असं कात्री म्हणायचा. मग काय करायचं, ओळ तोडायची. अर्धी आता, अर्धी ओठ उघडल्यावर. कुठे तोडायची यातच सगळं कसब. आणि या तोडण्यात पुढे त्याचं नाव झालं. नवीन पोरांना कात्री त्याच्याकडे पाठवायचा, "यांच्याकडून शिका, यांची ओळ ओठांच्या पुढे कधी जात नाही."

पण लग्न नवीन होतं तेव्हा जायची. त्या दिवसांत तो काम घरी आणायचा आणि हौसेनं बायकोला दाखवायचा. तिला ती परदेशी भाषा येत नव्हती, तिचं सगळं लक्ष खालच्या ओळींवर. वाचण्यात पटाईत. ओळ आली रे आली की तिनं ती गिळलीच म्हणून समजा. आणि मग ती फुटायची! तो नट अजून घसा खाकरतोय, तोंड उघडायचंय, आणि इथे कोचावर ही मांडीवर हात मारून हसतेय, आणि मध्येच तो नाकातला आवाज. म्हणजे तो आवाज त्यानं ऐकला होता की! आज जिन्यात परक्या बाईचा वाटला तो आवाज त्यानं कोचावर आपल्या शेजारी बसून ऐकला होता, आणि प्रत्येक वेळी त्याला काय वाटायचं? तर चिडचिड. तिचं प्रत्येक हसणं म्हणजे त्याची एक चूक. ओळ लवकर आली. इथेही लवकर आली. तो रिमोटनं थांबवायचा, मागे न्यायचा, कागदावर वेळ टिपून घ्यायचा. "अगं, थांब की जरा. त्याला बोलू तर दे." ती ओठ चावून थांबायची. "आता?" असं विचारायची. त्याला ते लाडात आल्यासारखं वाटायचं. आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तो त्या जागा दुरुस्त करायचा. खरं सांगायचं तर त्याचं सगळं नाव तिच्या हसण्यावर उभं राहिलं होतं. कुठे आधी फुटतंय हे तिनं फुकटात दाखवून दिलं होतं. हे त्यानं तिला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलंच नाही.

मग एकदा ऑफिसातली माणसं घरी जेवायला आली होती. कात्री होता, त्याची बायको होती, आणि एक बाई, जी वर्तमानपत्रात मालिकांबद्दल लिहायची आणि जिच्यापुढे सगळेच जरा शहाण्यासारखे बोलायचे. जेवणं झाल्यावर कुणीतरी म्हणालं, तुमचं नवीन काम लावा की. लावलं. खोलीत ती विशिष्ट शांतता, जी परदेशी विनोद बघताना चार शिकलेली माणसं पाळतात: हसायचं आहे, पण आपण पहिले नको. आणि त्या शांततेत बायको हसली. एकटीच, मोठ्यानं, नाकातल्या आवाजासकट, आणि अर्थातच ओठांआधी. सगळ्यांनी वळून बघितलं. वर्तमानपत्रवाल्या बाईंच्या भुवया जराशा वर गेल्या. त्याचे कान तापले. आणि मग तो म्हणाला, हे वाक्य त्याला आता उशीतसुद्धा जसंच्या तसं ऐकू आलं, तेव्हाच्या त्या हलक्या, खेळकर आवाजात: "काय करणार, आमच्याकडे अजून अक्षरओळखीचाच आनंद चाललाय." केवढे हसले सगळे! कात्रीनं तर टाळी दिली. बायकोही हसली. तिच्या हातात पाण्याचा जग होता, तो तिनं टेबलावर ठेवला, आणि तीसुद्धा सगळ्यांबरोबर हसली. म्हणून तर त्याला कधी टोचलं नाही. स्वतः हसली की ती! रात्री भांडी आवरतानाही काही बोलली नाही. नंतरच्या महिन्यांत मात्र कागदावर टिपायला काही मिळेना. ओळ यायची, नट बोलायचा, तो हसायचा, मग ती. बरोबर क्रमानं. आणि हा शहाणा काय समजला? आपलं काम सुधारलं!

तो उठून बसला. गालाला आता मुंग्या येत होत्या. लाज ही गोष्ट अशी की एकीचा हात धरून दुसरी येते. त्याला वडील आठवले. वडील बसच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक होते, हातांना साबण लावून लावून तेलाचा वास कधी गेला नाही. सुट्टीच्या दिवशी ते त्याला विनोदी सिनेमाला न्यायचे, ज्यात माणसं केळ्याच्या सालीवरून घसरायची आणि पोलिसाच्या डोक्यावर बादली पडायची. वडील हसायचे म्हणजे पुढच्या खुर्चीवर थापा मारायचे, मागे वळून अनोळखी माणसाला सांगायचे, "बघितलं का, बघितलं का!" तो थोडा मोठा झाला, नव्या शाळेत गेला, आणि एकदा सिनेमात दोन रांगा पुढे वर्गातला एक मुलगा त्याच्या आईवडिलांबरोबर बसलेला दिसला. तेव्हा अंधारात तो हळूच सरकला. एक खुर्ची सोडून बसला. मग आणखी एक. वडिलांना कळलं नसेल असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. पण मध्यंतरानंतर वडील हसले नाहीत. सिनेमा उत्तरार्धात पडला, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. आता त्याला वाटलं, कुठला पडतोय. बादल्या तर तेवढ्याच होत्या.

संध्याकाळी तोंड बरंचसं ताळ्यावर आलं. भाताची पेज पिऊन झाल्यावर तो कोचावर येऊन बसला आणि शक्य तितक्या सहज म्हणाला, "लाव ना ते तुझं. घरमालकाचं. संध्याकाळी पुन्हा दाखवतात ना?"

"काहीतरीच काय," ती म्हणाली. "तुमचं लावू. दोन भाग राहिलेत."

"नको. तेच लाव. मलाही बघू दे."

तिनं लावलं. कोचाच्या टोकाला पाठ ताठ करून बसली, हात मांडीवर, जणू हीच मालिका तिनं लिहिलीय आणि समोर परीक्षा चाललीय. घरमालक कपाटात शिरला. शिंकला. बाहेरून बायको म्हणाली, औषध देऊ का. मागून शेकडो माणसांचं हसणं वाजवलेलं. कोचावर मात्र काही नाही. "फार लांबवतात," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "नटी बरी आहे पण." ती त्याच्या वतीनं त्या घरमालकाला नावं ठेवत होती. त्याला ते ऐकवेना. पुढच्या शिंकेला तो हसला. मोठ्यानं, मांडीवर हात मारून. अर्धा ओठ अजून नीट उचलत नव्हता, त्यामुळे ते हसणं एका बाजूला कललं, आणि ज्या ठिकाणी तो हसला तिथे विनोद नव्हताच, घरमालक खरोखरच रुमाल शोधत होता. ती चमकून त्याच्याकडे बघायला लागली. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्याला ओळखीचं होतं. चुकीच्या जागी हसणाऱ्या माणसाबद्दल आपल्याला वाटते ती कीव. फक्त तिच्या किवेत माया होती, त्याच्यात कधी नव्हती.

"नका हो," ती म्हणाली. "तुम्हाला नाही आवडत ते. कशाला उगाच." आणि तिनं टीव्ही बंद केला.

"तुला तर आवडतं."

"मला?" तिनं जरा विचार केला. "ताईंबरोबर बरं वाटतं. त्या बघायच्या आधीच सांगतात पुढे काय होणार, आणि मग तसंच होतं. त्याचंच हसू येतं. एकटी असले तर मी लावतसुद्धा नाही."

"आणि माझ्याबरोबर? ते परदेशी? खरं सांग. इतकी वर्षं तुला कंटाळाच येत असेल."

कोचाच्या हातावरचा एक सुटलेला धागा तिनं बोटाला गुंडाळला. "पहिल्यांदा यायचं की हसू," ती म्हणाली. "पहिल्या पहिल्यांदा तर मी वाटच बघायची तुम्ही काय आणताय त्याची. ते नव्हतं का, मयतीचं? सगळे काळे कपडे घालून जमलेत, पाऊस पडतोय, गाडीचा पत्ता नाही, आणि तो उंच माणूस पुढे येऊन सांगतो, 'ज्यांच्यासाठी आपण जमलो, ते अजून आलेले नाहीत.'" असं म्हणताना तिच्या घशात काहीतरी हललं. तो नाकातला आवाज निघता निघता राहिला. तिनं तो खोकला करून टाकला. "भाजी निवडताना आठवायचं मला आणि एकटीच हसायची मी. बसमध्येसुद्धा एकदा हसले होते. लोक बघायला लागले."

त्याला ती मयत आठवेना. मग आठवली. तो उंच माणूस तसं काही बोललाच नव्हता! त्याच्या भाषेतल्या दोन सारख्या वाजणाऱ्या शब्दांची काहीतरी कसरत होती, आपल्याकडे आणली तर त्यात दमडीची गंमत राहत नव्हती. दुपारभर त्यानं डोकं खाजवलं होतं. शेवटी कात्री म्हणाला होता, "काहीही लिही बाबा, तोंड हलतंय तेवढं भरलं म्हणजे झालं." आणि मग त्यानं तोंड भरण्यापुरतं आपल्या मनचं लिहून टाकलं. विसरूनही गेला.

"ते त्याचं नव्हतं," तो म्हणाला. "ते वाक्य माझं होतं."

"मग?" ती म्हणाली. तिला त्यात नवल वाटलेलं दिसलं नाही. "तो काय बोलत होता ते मला कुठे कळत होतं? मी तुमचंच वाचून हसायची."

एवढंच ती बोलली, आणि उठून पेले-वाट्या आत घेऊन गेली. त्यात टोमणा नव्हता, तक्रार नव्हती. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. तो कोचावर बसून राहिला आणि त्याला वाटलं, आपल्याला कुणीतरी भर चौकात उघडं केलंय, आणि चौकात दुसरं कुणीच नाही. जन्मभर त्याला एकच वाटत आलं होतं, की आपण दुसऱ्यांच्या तोंडची भाकरी आपल्या ताटात वाढतो, आपलं असं काही नाही. विनोद त्यांचा, हशा त्यांचा. खालच्या ओळीवर कोण हसतंय? आणि इथे एक बाई बसमध्ये हसत होती. त्याच्या ओळीवर. त्या उंच परदेशी माणसाच्या आधी हसत होती, कारण त्या माणसाशी तिचा संबंधच नव्हता, तिचा संबंध खाली होता. आणि यानं काय केलं, तर कागद घेऊन तिच्या हसण्याची वेळ टिपली आणि ते बंद होईपर्यंत ओळी तोडल्या. उरलेलं काम त्या जेवणाच्या रात्री टाळी घेऊन उरकलं. आत जाऊन काही बोलावं असं त्याला फार वाटलं. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलासुद्धा. "मी तेव्हा..." तो म्हणाला. तिनं नळ बंद करून विचारलं, "काय?" त्याला पुढचं येईना. इतरांच्या तोंडात बसेल असं वाक्य त्यानं जन्मभर शोधलं होतं. स्वतःच्या तोंडाला मात्र एक सापडेना. "दाढ दुखतेय जरा," तो म्हणाला. "लवंग धरा," ती म्हणाली.

पुढचे काही दिवस ऑफिसात तो एकाच भागावर बसला होता. नवी मालिका होती, अजून कुणी पाहिलेली नव्हती. एक पाहुणा एका जोडप्याकडे राहायला येतो आणि जातच नाही, एवढीच गोष्ट. घरचा धनी खिडकीपाशी उभा राहून मित्राला काहीतरी सांगतो. मूळ वाक्यात हवामानाची फिरकी होती, त्यानं ती सोडून दिली आणि लिहिलं: "पाहुणे आता अगदी घरचे झालेत. परवा मलाच विचारलं, तुम्ही अजून किती दिवस आहात?" लिहून झाल्यावर काचेच्या खोलीत तो एकटाच हसला आणि इकडेतिकडे बघून घेतलं. आता हे वाक्य तोडायचं होतं. नट फार सावकाश बोलतो, प्रश्नाआधी पडदा बाजूला करतो, बाहेर बघतो. 'झालेत' पाशी तोड, प्रश्न ओठांबरोबर. डोळे मिटून सांगितलं असतं त्यानं कुणालाही. पण त्यानं तोडलं नाही. अख्खं वाक्य एकदम आणलं, आणि तेही नटानं तोंड उघडायच्या कितीतरी आधी. पलीकडच्या खोलीतला नवा मुलगा बघून म्हणाला, "सर, हे आधी फुटेल." "फुटू दे," तो म्हणाला. कात्रीला द्यायच्या प्रतीत तो ते सरळ करणार होता. ही प्रत घरी न्यायची होती. त्याला लग्नाच्या वेळीसुद्धा एवढी धाकधूक वाटली नव्हती. तिनं हसावं. आपल्यासमोर, आपल्या ओळीवर, आधी. बस, दुसरं काही नको.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच त्यानं ते लावलं. "नवीन आहे. बघ जरा. मला काही टिपायचं नाहीये," त्यानं रिकामे हात दाखवत सांगितलं. ती हात पुसत आली, बसली. शेजारी बसलं तर ती आपल्याकडे बघणार हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो "माझं कपाट आवरतो" म्हणत मागच्या खुर्चीवर जाऊन बसला, तिच्या पाठीमागे, जिथून त्याचा चेहरा तिला दिसणार नव्हता. तिची मान दिसत होती, कानामागचे पांढरे झालेले चार केस दिसत होते. पाहुणा आला. बॅग ठेवली. बूट काढले. दिवस गेले. घरचा धनी खिडकीपाशी येऊन उभा राहिला, आणि खाली ओळ आली. अख्खी, न तोडलेली.

तिनं वाचली. वाचलेलं त्याला मागूनसुद्धा कळलं, कारण तिचे खांदे वर आले, श्वास आत ओढला गेला आणि तिथेच अडला. त्यानं खुर्चीचे हात घट्ट धरले. पडद्यावरचा माणूस अजून बाहेर बघत होता. किती वेळ होता अजून! हवा तेवढा वेळ त्यानं तिच्यासाठी काढून ठेवला होता. तिचे खांदे तसेच वर होते. मग तिनं मान वळवली, त्याला शोधलं, आणि भाजीत मीठ घालू का असं विचारावं तितक्या साधेपणानं विचारलं,

"हसू का?"

त्यात चेष्टा नव्हती. असती तर त्याला बरं वाटलं असतं. तो हो म्हणायला गेला, आणि हो म्हणणं म्हणजेही परवानगीच, हे कळून त्याची जीभ टाळ्याला चिकटली. ती वाट बघत राहिली. तोवर पडद्यावरच्या माणसानं आपलं वाक्य सावकाश बोलून संपवलं होतं, आणि खाली पुढची ओळ आली होती.